आपत्तीतली देणगी आणि आयकराची वजावट

सप्टेंबर २०२५च्या उत्तरार्धात सीना, मांजरा, गोदावरी पात्र सोडून वाहिल्या. धाराशिव, बीड, लातूर, नांदेड, जालना, परभणीत आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात माढा, मोहोळ, करमाळ्यापर्यंत काढणीला आलेलं सोयाबीन कुजलं, जनावरं वाहून गेली. कित्येक शेतांतली वरची मातीच गेली आणि खाली नुसता मुरूम उरला. त्या दिवसांत महाराष्ट्रभरातून मदत निघाली. कुणी मुख्यमंत्री साहाय्यता निधीत पैसे भरले, कुणी ओळखीच्या संस्थेला पाठवले, कुणी एक दिवसाचा पगार दिला, कुणी किराण्याचे किट भरून टेम्पो रवाना केला. आता २०२५-२६ या आर्थिक वर्षाचं विवरणपत्र भरताना त्यातल्या अनेकांच्या मनात प्रश्न येतो, की दिलेल्या पैशांवर कर वाचतो का?

हा प्रश्न विचारायला पुष्कळांना संकोच वाटतो. पुण्याचं काम केलं आणि त्यात सवलत कसली मागायची, असं घरातले वडीलधारे म्हणतात. मला तसं वाटत नाही. सवलत कायद्याने दिलेली आहे. ती हक्काने घ्यावी, आणि वाचलेले पैसे हवे तर पुन्हा त्याच गावाला पाठवावेत. मात्र ती सरसकट सगळ्यांना मिळत नाही, आणि कुठे मिळत नाही हे आधी कळलं तर पुढची निराशा टळते.

आधी आपली करप्रणाली पाहा

देणगीची वजावट आयकर कायद्याच्या कलम ८०जीमध्ये आहे, आणि ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या करप्रणालीत ८०जी नाही. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती मुद्दाम निवडावी लागते. म्हणजे तुम्ही काहीच केलं नसेल तर तुम्ही नव्या प्रणालीत आहात आणि तुमच्या देणगीला वजावट नाही, मग ती पाचशे रुपयांची असो की पाच लाखांची.

यावर काही जण लगेच जुन्या प्रणालीकडे वळायला निघतात. तसं करण्याआधी हिशेब मांडा. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरली तर ही सीमा पावणेतेरा लाखांच्या पगारापर्यंत जाते. समजा एखाद्या शिक्षिकेचा वर्षाचा पगार अकरा लाख आहे आणि तिने पाच हजार रुपये पूरग्रस्तांना दिले. तिला नव्या प्रणालीत कर शून्यच आहे. शून्यातून काय वजा करणार? तिने देणगीसाठी जुनी प्रणाली घेतली तर नसलेला कर उलट अंगावर येईल. तिने पावती जपून ठेवावी आणि विवरणपत्रात त्या रकमेचा विचार सोडून द्यावा. राज्यातल्या बहुसंख्य मध्यमवर्गीय देणगीदारांची परिस्थिती आज अशीच आहे, आणि हे स्पष्टपणे सांगितलं जात नाही म्हणून मार्चमध्ये ‘ऐंशी जी’च्या पावत्यांसाठी उगाच धावपळ होते.

जुनी प्रणाली ज्यांना परवडते त्यांचं गणित वेगळं असतं. मुंबईत भाड्याच्या घरात राहणारा, साताऱ्यात आईवडिलांसाठी कर्ज काढून घर घेतलेला एखादा नोकरदार घ्या. पगार १६ लाख ७५ हजार. घरभाडे भत्त्याची सूट ३ लाख ६० हजार, प्रमाणित वजावट ५० हजार, गृहकर्जाचं व्याज २ लाख. हे गेल्यावर एकूण उत्पन्न १० लाख ६५ हजार राहिलं. त्यातून ८०सीचे दीड लाख, स्वतःच्या आणि ज्येष्ठ आईवडिलांच्या आरोग्यविम्याचे ७५ हजार आणि राष्ट्रीय पेन्शन योजनेचे जादा ५० हजार वजा केले, की करपात्र रक्कम ७ लाख ९० हजार. यावर जुन्या प्रणालीत उपकरासह ७३,३२० रुपये कर होतो. याच माणसाने नवी प्रणाली घेतली असती तर १,२४,८०० रुपये भरावे लागले असते. त्याला जुनी प्रणाली सोयीची आहे, आणि म्हणून त्याच्या देणगीला करात किंमत आहे. तुमची गोष्ट याच्या जवळची असेल तरच पुढचा हिशेब तुमच्या कामाचा.

कार्यालयात वर्षाच्या सुरुवातीला नवी प्रणाली सांगून बसला असाल तरी वाट बंद झालेली नाही. पगारदाराला विवरणपत्र भरताना प्रणाली बदलता येते आणि जास्त कापलेला कर परत मिळतो. अट एकच, विवरणपत्र मुदतीत भरलं पाहिजे. पगारदारांसाठी ही मुदत एरवी ३१ जुलै असते. ती हुकली तर उशिराचं विवरणपत्र नव्या प्रणालीतच भरावं लागतं आणि देणगीची वजावट त्यासोबत जाते. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्यांना जुन्या प्रणालीसाठी त्यांच्या विवरणपत्राच्या मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि त्यांना दरवर्षी इकडून तिकडे उड्या मारता येत नाहीत.

एका गोष्टीकडे व्यापारी मंडळींचं सहसा लक्ष नसतं. नव्या-जुन्या प्रणालीचा हा पर्याय व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबासारख्या करदात्यांना आहे. भागीदारी पेढीला तो लागूच नाही. पेढीवर सरळ ३० टक्के कर असतो आणि ८०जीची वजावट तिला मिळते. दोन भावांचं भागीदारीत दुकान असेल आणि दोघेही वैयक्तिक विवरणपत्र नव्या प्रणालीत भरत असतील, तर देणगी पेढीच्या खात्यातून, पेढीच्या पॅनवर द्यावी. मुख्यमंत्री साहाय्यता निधीला दिलेल्या २५ हजारांवर पेढीचे उपकरासह ७,८०० रुपये वाचतात. तेच २५ हजार भावाच्या बचत खात्यातून गेले तर काहीच वाचत नाही.

पैसे कुठे गेले

कलम ८०जीमध्ये निधी आणि संस्था वेगवेगळ्या गटांत आहेत. आपत्तीच्या मदतीपुरते त्यातले दोन गट लक्षात ठेवले तरी भागतं.

पहिल्या गटात दिलेली पूर्ण रक्कम वजा होते आणि वर मर्यादा नाही. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, पीएम केअर्स आणि कोणत्याही राज्याचा मुख्यमंत्री साहाय्यता निधी इथे येतात. कोणत्याही राज्याचा म्हणजे खरोखरच कोणत्याही. २०२४ मध्ये वायनाडला दरडी कोसळल्यावर कोल्हापूरच्या माणसाने केरळच्या मुख्यमंत्री निधीला पैसे दिले असतील तरी नियम तोच. पंतप्रधान निधी जानेवारी १९४८ मध्ये फाळणीच्या विस्थापितांसाठी उभा राहिला, आणि पूर, भूकंप, वादळ असं काही झालं की आजही त्यातून मदत जाते.

या यादीत महाराष्ट्राची एक खूण अजून शिल्लक आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर १ ते ६ ऑक्टोबर १९९३ या सहा दिवसांत महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री निधीला दिलेल्या रकमा, आणि मुख्यमंत्री भूकंप मदत निधीला दिलेल्या रकमा, पूर्ण वजावटीस पात्र असल्याचं कलमात स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे. त्या आठवड्यात लोकांनी ओंजळी भरून दिलं आणि कायद्याला त्याची तारखांनिशी नोंद घ्यावी लागली. पुढे सगळ्याच राज्यांचे मुख्यमंत्री निधी या गटात आले.

दुसरा गट सेवाभावी संस्थांचा. गावात जाऊन काम करणारे न्यास, प्रतिष्ठानं, मोठ्या स्वयंसेवी संस्था बहुधा इथेच असतात. इथे दिलेल्या रकमेच्या निम्म्याची वजावट मिळते, शिवाय मर्यादा आहे. एकूण उत्पन्नातून ८०सी, ८०डी वगैरे इतर वजावटी आणि सवलतीच्या दराने करपात्र असलेला भांडवली नफा बाजूला काढला की जी रक्कम उरते, तिच्या दहा टक्क्यांपर्यंतची देणगीच हिशेबात धरतात.

आपल्या साताऱ्याच्या नोकरदाराकडे परत जाऊ. त्याने २५ हजार रुपये मुख्यमंत्री निधीला दिले तर २५ हजारांची वजावट आणि ५,२०० रुपयांची करबचत. तेच २५ हजार एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेला दिले तर साडेबारा हजारांची वजावट आणि २,६०० रुपयांची बचत. त्याची दहा टक्क्यांची मर्यादा ७९ हजार आहे. त्याने भावनेच्या भरात संस्थेला दोन लाख दिले, तरी ७९ हजारच धरले जातील आणि त्याच्या निम्मे, म्हणजे ३९,५०० रुपये वजा होतील. उरलेली रक्कम पुढच्या वर्षी ओढता येत नाही. मोठी रक्कम द्यायची असेल तर ती मार्च आणि एप्रिलमध्ये विभागून दोन आर्थिक वर्षांत द्यावी. संस्थेचंही सहसा अडत नाही.

पण नुसता हा आकडा पाहून निधी निवडू नका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. सरकारी निधी मोठ्या कामांना आणि ठरलेल्या निकषांना धरून चालतो. ज्या शेतमजुराच्या नावावर जमीन नाही, पंचनाम्यात ज्याचं नुकसान कुठल्याच रकान्यात बसत नाही, त्याच्यापर्यंत अनेकदा गावातली संस्थाच पोचते. २५ हजारांमागे २,६०० रुपयांचा फरक हे संस्था टाळण्याचं कारण होऊ नये.

पैसे कसे दिले

वजावट फक्त पैशांना आहे. तांदूळ, गहू, ब्लँकेट, चारा, वह्या-पुस्तकं, औषधं कितीही दिली तरी ८०जीत त्यांची किंमत शून्य. दुकानाचं बिल जोडून उपयोग नाही, आणि संस्थेला ‘सामानाच्या किमतीची पावती द्या’ असा आग्रहही धरू नये. ती पावती खोटी ठरते. आपत्तीच्या कामाच्या दृष्टीनेही पैसे बरे. २०१९च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरानंतर आणि २०२१च्या चिपळूणच्या पुरानंतर मदत केंद्रांवर नको असलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग साचले होते आणि ते निवडण्यात स्वयंसेवकांचे हात गुंतले होते. पैसे हातात असले की संस्था जवळच्या बाजारातून हवं तेच घेते, आणि त्या बाजारालाही चार ग्राहक मिळतात.

रोख देणगी दोन हजार रुपयांपर्यंतच चालते. त्यावर एक रुपया जरी रोखीने दिला तरी ती पूर्ण देणगी वजावटीतून बाद होते. धनादेश, एनईएफटी, यूपीआय, कार्ड यांना अशी अडचण नाही. खातं मात्र ज्याला वजावट घ्यायची त्याचंच असावं. पैसे पत्नीच्या खात्यातून गेले आणि पावती पतीच्या नावावर मागितली, तर पुढे विचारणा झाल्यावर उत्तर देणं जड जातं.

सोसायटी, गणेश मंडळ, वाचनालय, माजी विद्यार्थ्यांचा गट यांनी वर्गणी जमवून एक धनादेश पाठवला, तर पावती सोसायटीच्या किंवा मंडळाच्या नावावर येते. त्यात दोन हजार घातलेल्या सभासदाला आपल्या विवरणपत्रात त्याची वजावट घेता येत नाही. वजावट हवी असणाऱ्यांनी आपापल्या खात्यातून थेट निधीत भरावं आणि मंडळाने फक्त आकड्यांची बेरीज सांगावी.

पगारातून कापलेल्या रकमेचं तसं नाही. एक दिवसाचा पगार मुख्यमंत्री निधीला गेला की निधीची पावती कार्यालयाच्या नावावर असते, तरी आहरण व संवितरण अधिकाऱ्याने किंवा मालकाने दिलेल्या प्रमाणपत्रावर कर्मचाऱ्याला वजावट घेता येते. फॉर्म १६मध्ये ती रक्कम दिसते का, ते पाहा. दिसत नसेल तर लेखा विभागाकडून प्रमाणपत्र मागून घ्या. ते द्यायला त्यांना अडचण नसते.

एखाद्या कुटुंबाला थेट दिलेली मदत, ऑनलाइन आवाहनाला प्रतिसाद देऊन कुणा व्यक्तीच्या खात्यात पाठवलेले पैसे, पुरानंतर आठवड्याभरात स्थापन झालेल्या स्थानिक मदत समितीला दिलेली वर्गणी यांना वजावट नाही. मदत म्हणून ती कमी मोलाची आहे असं मुळीच नाही. विवरणपत्रात तेवढी ती बसत नाही.

पावती हातात घेऊन वाचा

सेवाभावी संस्थेची साधी पावती आता पुरत नाही. २०२१-२२ पासून अशा संस्थांना प्रत्येक देणगीदाराची माहिती फॉर्म १०बीडीमध्ये आयकर खात्याला कळवावी लागते आणि देणगीदाराला फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र द्यावं लागतं. दोन्हींची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरची ३१ मे. १०बीईवर संस्थेचं नाव, पत्ता आणि पॅन, ८०जी मान्यतेचा क्रमांक, तुमचं नाव आणि ओळख क्रमांक, रक्कम आणि देणगीचा प्रकार असतो. वरच्या बाजूला एक पोच क्रमांक असतो. विवरणपत्राच्या ८०जी परिशिष्टात संस्थेची देणगी दाखवताना हाच क्रमांक भरायचा असतो. तो नसेल तर दावा अडकण्याची शक्यता मोठी.

म्हणून देणगी देतानाच पॅन द्या. क्यूआर कोड स्कॅन करून पैसे पाठवले आणि नाव-पॅन कळवलाच नाही, तर संस्थेच्या खात्यात तुम्ही अनामिकच राहता. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत १०बीई आलं नाही तर संस्थेला फोन करा. उशिरासाठी संस्थेला दिवसाला २०० रुपये शुल्क आहे, हे सांगितलं की काम पुढे सरकतं. पॅनमधलं एक अक्षर चुकलं असेल तर संस्थेला आपलं विवरण दुरुस्त करता येतं. तुम्हाला मात्र ती चूक तुमच्या बाजूने सुधारता येत नाही.

मुख्यमंत्री निधी आणि पंतप्रधान निधीसाठी १०बीई लागत नाही. त्यांची पावती आणि निधीचा पॅन पुरतो. ऑनलाइन भरल्यावर पावती तेव्हाच उतरवून ठेवा, सहा महिन्यांनी तीच शोधत बसावं लागतं.

संस्थेची निवड करताना एक गैरसमज फार आढळतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे म्हणजे ८०जी आहे, असं लोक धरून चालतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करमाफी असणं, म्हणजे १२एबीची नोंदणी, हीसुद्धा वेगळी. ८०जीची मान्यता स्वतंत्र असते, ठराविक वर्षांसाठी असते, आणि तुम्ही पैसे दिले त्या दिवशी ती चालू असावी लागते. संस्थेकडे मान्यतेच्या आदेशाची प्रत मागा आणि आयकर खात्याच्या संकेतस्थळावरच्या यादीत तिचं नाव पॅनवरून तपासा. चांगल्या संस्थांना या विचारण्याचा राग येत नाही. विशिष्ट जातीच्या किंवा धर्माच्या लोकांसाठीच स्थापन झालेल्या संस्थांना ही मान्यता सर्वसाधारणपणे मिळत नाही, तेव्हा समाजाच्या संस्थेला देताना हे जरूर पाहावं.

आपत्तीनंतर बनावट क्यूआर कोड फिरतात. गटात आलेली चित्रं पुढे ढकलू नका. निधीच्या अधिकृत सरकारी संकेतस्थळावर स्वतः जाऊन भरा आणि पैसे पाठवण्याआधी पडद्यावर दिसणारं खातेदाराचं नाव वाचा.

आणि विकतच्या पावत्यांपासून लांब राहा. ‘पन्नास हजारांचा चेक द्या, कमिशन कापून बाकी रोख परत,’ असं सांगणारे दलाल मार्चमध्ये फिरतात. आयकर खात्याने १४ जुलै २०२५ रोजी देशभरात दीडशे ठिकाणी अशा खोट्या वजावटींची पडताळणी केली, आणि तपासलेल्या कलमांत ८०जीही होतं. उत्पन्न चुकीचं दाखवल्याचा ठपका आला तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड, शिवाय कर आणि व्याज. दंडाचं बाजूलाच ठेवा. पूरग्रस्ताच्या नावावर छापलेल्या पावतीतून स्वतःचा कर चुकवणं हे त्याच्या ताटातलं उचलण्यासारखं आहे.

परदेशातल्या वाचकांसाठी थोडंसं. भारतीय पारपत्र असलेले अनिवासी आपल्या भारतातल्या उत्पन्नावर, जुन्या प्रणालीत, हीच वजावट घेऊ शकतात. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी, ओसीआय कार्ड असलं तरी, परकीय अंशदान ठरते. ती परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी असलेल्यांनाच घेता येते. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री साहाय्यता निधीला २०२५ मध्ये ही नोंदणी मिळाली आहे. अमेरिकेच्या करात सवलत हवी असेल तर पैसे तिथल्या ५०१(सी)(३) दर्जाच्या संस्थेमार्फत पाठवावे लागतात. भारतातल्या संस्थेला थेट दिल्यास तिथे काही मिळत नाही. ज्या कंपन्यांना सामाजिक दायित्वाचा खर्च बंधनकारक आहे त्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं, की त्या खर्चात पंतप्रधान निधी आणि पीएम केअर्स मोजले जातात, मुख्यमंत्री निधी मोजला जात नाही.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१च्या कायद्याची जागा आयकर अधिनियम २०२५ने घेतली आहे. त्यात ८०जीची तरतूद कलम १३३मध्ये आहे. ३१ मार्च २०२६ पर्यंत दिलेल्या देणग्यांना मात्र जुनाच कायदा आणि वर सांगितलेले फॉर्म लागू आहेत.

वजावटीला महिन्याचं बंधन नाही. एप्रिल ते मार्च यांतल्या कोणत्याही दिवशी दिलेली देणगी सारखीच धरली जाते. मदतीचा ओघ मात्र बातम्यांबरोबर पंधरा दिवसांत आटतो, आणि गावातलं खरं काम त्यानंतर सुरू होतं. राज्य सरकारने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात गाळाने भरलेल्या विहिरीला ३० हजार रुपये आहेत. पण त्या विहिरीतला गाळ काढणं, मोटर दुरुस्त करणं, शेतात नवी माती आणून टाकणं, वाहून गेलेल्या म्हशीच्या जागी दुसरी घेणं हे वर्ष-दोन वर्षांचं काम आहे. त्या भागात टिकून राहिलेली, मान्यता चालू असलेली एखादी संस्था शोधा, तिचा पॅन तपासा, आपला पॅन द्या, आणि पुराची बातमी कुठेच नसेल अशा एखाद्या महिन्यात तिला पैसे पाठवा.